सात तळी आणि पाठीवर तीन लिटर पाणी: त्रिग्लावच्या दरीतला पहिला ट्रेक

स्लोव्हेनियाला जाणारे आपले बहुतेक लोक ब्लेडला जातात, तळ्यातल्या बेटावरच्या चर्चचा फोटो काढतात, तो क्रीमचा चौकोनी केक खातात आणि घरी येतात. वाईट काही नाही त्यात, केक खरंच छान असतो. पण तिथून गाडीनं पाऊण तासावर बोहीनचं मोठं तळं आहे आणि त्या तळ्याच्या डोक्यावर, जिथं गाडी-बिडी काही जात नाही अशा एका लांबलचक दरीत, ओळीनं सात तळी आहेत. दरीच्या पार वरच्या टोकाला, २०७१ मीटरवर, अगदी कड्याच्या काठाला एक छोटी हट, म्हणजे ट्रेकर्सच्या मुक्कामाचं घर, आहे. खालून चालत निघायचं, एकेक तळं मागं टाकत त्या हटपर्यंत जायचं आणि दुसऱ्या वाटेनं खाली यायचं. तीन दिवस, दोन रात्री. मी हे दोनदा केलंय, पहिल्यांदा चुकतमाकत आणि दुसऱ्यांदा जरा शहाण्यासारखं, त्यामुळे खाली जे सांगतेय त्यातलं निम्मं पहिल्या वेळच्या चुकांमधून आलेलं आहे.

कोणी करावा? ज्यांनी कळसूबाई, राजगड, रतनगड असं काहीतरी केलंय, पाठीवर आठ-नऊ किलो घेऊन दिवसाला पाच-सहा तास चालता येतं आणि खाली बघितल्यावर पाय लटपटत नाहीत, अशा कोणीही. स्वतःचा दोर, हार्नेस काही लागत नाही. उंचीचा अंदाज हवा असेल तर पहिल्या मुक्कामाची हटच १६८५ मीटरवर आहे, आणि आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी तुम्ही अख्ख्या महाराष्ट्राच्या वर बसून सूप पीत असता. हिमालयात होतो तसा विरळ हवेचा त्रास एवढ्या उंचीवर सहसा होत नाही, ती काळजी सोडा. काळजी करायची ती पाणी, पाऊस आणि गुडघ्यांची, ह्याच क्रमानं.

आधी नावं वाचायला शिका

हे मी मुद्दाम पहिलं घेतेय कारण वाटेवरच्या पाट्या फक्त स्लोव्हेनियन भाषेत असतात आणि गडबडीत आपण चुकीच्या फाट्याला वळतो. एक सोपी किल्ली आहे. त्यांच्या लिपीत नुसतं 'सी' दिसलं तर तो आपला चाकातला च, आणि त्याच 'सी'च्या डोक्यावर छोटी टोपी असेल तर तो चहातला च. इंग्रजीवाले इथं अडखळतात, आपल्याकडे दोन्ही च लहानपणापासून आहेत. 'जे' म्हणजे य. तळं म्हणजे येझेरो, हट म्हणजे कोचा, पाणी म्हणजे वोदा. नळावर 'वोदा नी पित्ना' लिहिलं असेल तर ते पिण्याचं पाणी नाही, एवढं एक वाक्य तर पाठच करा. (पिणे आणि पित्ना, उदक आणि वोदा, ही नाती खरीखुरी आहेत, लांबची असली तरी रक्ताची.)

खालची मोठी हट म्हणजे 'कोचा प्री त्रिग्लावस्किह येझेरिह', अर्थात त्रिग्लाव-तळ्यांजवळची हट. वरची छोटी म्हणजे 'झासावस्का कोचा ना प्रेहोदावत्सिह', तिला सगळे नुसतं प्रेहोदावत्सी म्हणतात. त्रिग्लाव हा स्लोव्हेनियाचा सगळ्यात उंच डोंगर, २८६४ मीटर, त्यांच्या झेंड्यावरसुद्धा तोच आहे. आपण त्याच्यावर जाणार नाहीये, शेजारून जाणार आहोत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर परत आल्यावर 'शिखर केलं का' हा प्रश्न येतोच.

कधी जायचं, कसं पोचायचं

हट साधारण जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत उघड्या असतात. नवख्यांनी जूनच्या नादाला लागू नये, वरच्या घळींमध्ये तेव्हा कडक बर्फ पडून असतो आणि त्यावरून घसरलं की थांबायला काही नाही. जुलैचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा मध्य हा खरा काळ. माझं मत विचाराल तर सप्टेंबर. गर्दी निम्मी, दुपारची वादळं कमी, हवा स्वच्छ. फक्त रात्री थंडी वाजते आणि दिवस लहान झालेला असतो.

जर्मनीत राहणाऱ्या, म्युनिककडून येणाऱ्यांना साल्झबुर्ग, फिलाख आणि कारावांकन बोगदा असा रस्ता आहे, वाट मोकळी असली तर चार-साडेचार तास. ऑस्ट्रियाचं आणि स्लोव्हेनियाचं अशी दोन वेगळी विन्येट, म्हणजे महामार्ग वापरायचे पास, लागतात आणि बोगद्यांचा टोल वेगळा. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी त्या बोगद्यापाशी जी रांग लागते ती बघून मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची आठवण येते, शनिवारी निघूच नका. पासपोर्ट आणि रेसिडन्स परमिट जवळ ठेवा, स्लोव्हेनिया शेंगेनमध्ये असला तरी अधूनमधून तपासणी होते. भारतातून फिरायला आलेले असाल तर ल्युब्लियानाहून बोहीनला थेट बस आहे, दोन तासांची.

गाडी असली तर ती चढाईच्या पायथ्याशी लावू नका. हे पुन्हा सांगते, कारण आम्ही तेच केलं होतं. चढायची वाट सावित्सा धबधब्यापासून निघते आणि उतरायची वाट तळ्याच्या दुसऱ्या टोकाला स्तारा फुझिना गावात येते. पहिल्या वेळी गाडी सावित्साला, आम्ही स्तारा फुझिनात, संध्याकाळचे साडेसात आणि शेवटची बस गेलेली. त्यापेक्षा गाडी गावाकडे लावायची आणि पहिल्या सकाळी बसनं सावित्साच्या बाजूला जायचं. पार्किंगचे नियम आणि दर तिथं दर मोसमात बदलतात, पाटी नीट वाचा, दंड घसघशीत असतो.

बुकिंग

दोन्ही हटना आधी कळवावं लागतं. फोन केला तर इंग्रजी चालतं, ईमेलला कधी उत्तर येतं कधी नाही. वरची हट खूप छोटी आहे त्यामुळे आधी तिची तारीख मिळवायची आणि मग खालचीची, उलटं करू नका. आणि जाणं रद्द झालं तर कृपा करून कळवा. हे हॉटेल नाही, तुमच्या नावानं जागा अडवून ठेवलेली असते आणि संध्याकाळी सहाला थकून आलेल्या कोणालातरी 'जागा नाही' ऐकावं लागतं. तुम्ही आला नाहीत तर वाटेत काही झालं की काय ही शंका येते ती वेगळीच.

तुमच्याकडे जर्मन किंवा ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबचं सभासदत्व असेल तर कार्ड न्या, झोपण्याच्या दरात चांगली सूट मिळते, आणि बहुतेक सभासदत्वांमध्ये डोंगरातल्या रेस्क्यूचा इन्शुरन्सही असतो. नसेल तर इन्शुरन्स वेगळा काढा. रोख युरो न्या, सुटे असलेले. कार्ड चालेल असं गृहीत धरायचं नाही.

तंबू टाकीन म्हणाल तर विसरा. हा सगळा भाग त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात येतो, उघड्यावर मुक्काम, शेकोटी, ड्रोन सगळ्याला बंदी आहे. ह्या दरीचं संरक्षण १९२४ पासून चालू आहे, अख्ख्या देशातलं हे एकच राष्ट्रीय उद्यान आणि त्याची सुरुवात ह्याच तळ्यांपासून झाली.

पाण्याचं गणित, जे मी चुकले

सात तळी म्हटल्यावर कोणाच्याही डोक्यात काय येतं? पाण्याची चंगळ. आम्हीही माणशी दीड लिटर घेऊन निघालो, म्हटलं वाटेत भरू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, पांढऱ्या शुभ्र दगडांवरून परावर्तित होणारं ऊन खालून-वरून अंगावर घेत, निळ्याशार तळ्याच्या काठाला उभं राहून रिकामी बाटली हलवत होतो. नवरा म्हणाला, 'हे एवढं समोर पसरलंय ते काय पाणी नाही का?'

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे पटकन पचत नाही. आपला कातळ बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात टाकं खोदलं की पाणी राहतं, म्हणून तर किल्ले वसले. गडावर गेलं की टाकं असणारच हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथला डोंगर चुनखडीचा, वीस कोटी वर्षांहून जुन्या समुद्राचा तळ. पावसाचं पाणी त्या दगडाला विरघळवत भेगांमधून थेट पोटात जातं आणि वर राहतो कोरडाठाक खडक. पाऊस भरपूर पडतो, बर्फही भरपूर पडतो, पण वाटेत ओढा म्हणून दिसत नाही. तळी टिकली ती हिमनद्यांनी दगड दळून जो बारीक गाळ मागं ठेवला त्याच्या जोरावर, चाळणीत कुणीतरी कणकेचे गोळे थापावेत तशी. सगळ्यात खालच्या तळ्याचं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या कड्यातून सावित्साचा धबधबा होऊन बाहेर पडतं, हे तुम्ही पहिल्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी बघाल.

आणि तळ्यांचं पाणी प्यायचं नाही. त्यांना वाहता ओढा नाही, जे पडतं ते तिथंच साचतं, काही तळ्यांमध्ये माणसांनी मासे सोडले आणि तेव्हापासून शेवाळ वाढलंय. पोहायलाही बंदी आहे, पाय बुडवायचीही चुकवलेली बरी, सनस्क्रीन आणि घाम त्या छोट्या तळ्यांना झेपत नाही. त्या दिवशी आम्हाला एका सत्तरीच्या आजींनी वाचवलं. खांद्याला छोटी सॅक, हातात दोन काठ्या, आमच्या दुप्पट वेगानं खाली येत होत्या. आमच्या बाटलीकडे बघितलं, काही न बोलता स्वतःची अर्धी बाटली आमच्यात ओतली आणि बोटानं वरची हट दाखवून 'शे एना उरा' म्हणाल्या. अजून एक तास.

तर गणित असं: पहिल्या दिवशी गावातनं अडीच ते तीन लिटर भरून निघा, खाली नळाचं पाणी उत्तम असतं. दुसऱ्या सकाळी खालच्या हटवरून पुन्हा तेवढंच घ्या, पिण्याचं कुठलं हे विचारून. वरच्या हटवर पावसाचं साठवलेलं पाणी असतं आणि प्यायला बाटली विकत घ्यावी लागते, दुकानातल्या भावाच्या कितीतरी पट. महाग म्हणून कुरकुरू नका, गाडीरस्ता नाही, ती प्रत्येक बाटली कशीतरी वर चढवलेली असते. अंघोळ वरती नाही. हात धुवायलाही जपून.

सॅकमध्ये काय

घोट्यापर्यंतचे, आधी वापरून मऊ झालेले बूट, ह्यात तडजोड नको. चुनखडी पावसात साबणासारखी होते आणि कोरडी असताना करवतीसारखी. ट्रेकिंगच्या काठ्या (गुडघे दुवा देतील), खरंखुरं पाणी अडवणारं जॅकेट, एक फ्लीस, टोपी, गॉगल, हेडलॅम्प, पॉवर बँक. हेल्मेट असेल तर पहिल्या दिवसासाठी घ्या, कारण पुढं सांगते. झोपायला स्लीपिंग बॅग नको, ब्लँकेट मिळतं, पण चादरीची पिशवी म्हणजे लायनर स्वतःचा लागतो. आईच्या जुन्या सुती साडीची शिवून घ्या, मी तेच केलंय, दुकानातल्या रेशमी लायनरपेक्षा हलकी नाही पण ऊबदार आहे. हटमध्ये घालायला हलक्या चपला.

खायचं म्हणाल तर दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या. दशमी दुधात भिजवलेली असली की तीन दिवस मस्त टिकते. मोबाइलवर ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, दरीत रेंज येते-जाते. इमर्जन्सी नंबर ११२.

पहिला दिवस: सावित्सा ते खालची हट

सातच्या आत चालायला लागा. सुरुवात साधारण साडेसहाशे मीटरवर आहे. धबधबा बघायचा असेल तर त्याची पायऱ्यांची वेगळी वाट आहे आणि वेगळं तिकीट, येऊन-जाऊन तासभर. मग मुख्य वाटेवर यायचं आणि समोर जी झाडी लागलेली उभी भिंत दिसते तिचं नाव कोमार्चा. बघून वाटतं की ह्यातून वाट असणं शक्यच नाही. असते. बीचच्या झाडीतून नागमोडी वर जाते, मध्येमध्ये उघडा कातळ येतो, तिथं लोखंडी दोर आणि खुंट्या ठोकलेल्या आहेत.

कळसूबाईच्या शिड्या चढला असाल तर कोमार्चा जमेल, पण दोन फरक आहेत. एक, शिडीला कठडे असतात, इथं एका बाजूला दोर आणि दुसऱ्या बाजूला हवा. दोन, वरच्या माणसाच्या पायाखालून दगड सुटतो, म्हणून हेल्मेट, आणि म्हणून पुढच्या ग्रुपच्या अगदी मागं-मागं चालायचं नाही. दोर धरताना एका टप्प्यात एकच माणूस. काठ्या दुमडून सॅकला लावा, हातात लटकत ठेवू नका, त्या नेमक्या अडकतात. पाऊस झालेला असेल किंवा येणार असेल तर ही वाट घेऊच नका, इथं जिवावरचे अपघात झालेले आहेत. अशा वेळी प्लॅन उलटा फिरवायचा: स्तारा फुझिनाच्या बाजूनं म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या वाटेनं वर जायचं आणि त्याच वाटेनं उतरायचं. आणि कोमार्चा उतरायच्या भानगडीत तर नवख्यांनी कोरड्या दिवशीही पडू नये.

खुणा सोप्या आहेत, लाल गोलात पांढरा ठिपका, दगडांवर आणि झाडांवर. १९२२ मध्ये क्नाफेल्त्स नावाच्या माणसानं ही पद्धत आखून दिली आणि आता देशभर हीच आहे. पाच-सात मिनिटं ठिपका दिसला नाही तर थांबा, मागं फिरा, शेवटच्या ठिपक्याला परत जा. पाट्यांवरचे तास स्लोव्हेनियन पायांचे असतात, आपण त्यात तिसरा हिस्सा मिळवायचा.

साधारण दोन-अडीच तासांनी भिंत संपते आणि अचानक सगळं शांत होतं. झाडीत दडलेलं चर्नो येझेरो, म्हणजे काळं तळं, १३२५ मीटर. सातांतलं सगळ्यात खालचं. काळं-बिळं काही नाही, गडद हिरवं आहे, भोवतीच्या झाडांची सावली पडते म्हणून तसं दिसतं. इथं अर्धा तास बसा, दशमी काढा, मोजे उन्हात टाका. पुढची वाट जंगलातून हळूहळू चढत दीड-दोन तासांत हटपर्यंत नेते. स्प्रूसचं जंगल विरळ होत जातं, लार्चची झाडं लागतात, पांढरे दगड डोकं काढायला लागतात, आणि मग तिचारित्सा डोंगराच्या पायथ्याशी हटचं छप्पर दिसतं. शेजारी द्वोयनो येझेरो, जोडतळं. पाणी भरपूर असलं की एक, आटलं की दोन. मोजणीत मात्र त्याला दोनच धरतात.

हटमध्ये कसं वागायचं

दारात बूट काढून रॅकवर ठेवायचे, काठ्याही तिथंच. मग काउंटरवर जाऊन नाव सांगायचं, वहीत नोंद करायची (उद्या कुठं जाणार हेही लिहा, शोधायची वेळ आली तर तीच वही बघतात). झोपायची मोठी खोली सगळ्यांची मिळून असते, लांब ओटे, एकाला लागून एक गाद्या. बायका-पुरुष वेगळं काही नाही, पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, पण सगळे इतके दमलेले असतात की कोणाचं कोणाकडे लक्ष नसतं. इयरप्लग न्या. घोरण्याला देशाच्या सीमा नसतात. रात्री दहाला शांतता, पहाटे निघायचं असेल तर सॅक रात्रीच भरून बाहेर ठेवा, पाचला प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुर वाजवणारा माणूस सगळ्या खोलीचा शत्रू होतो.

जेवणात योता असते, आंबट कोबी आणि घेवड्याचं दाटसर सूप, नाहीतर रिचेत म्हणजे बार्लीची खिचडीसारखी आमटी. दोन्हींत बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. शाकाहारी असाल तर 'ब्रेझ मेसा' म्हणा, म्हणजे मांसाशिवाय, आणि मागवण्याआधी म्हणा. माझ्या पुढ्यात वाडगा आल्यावर मी म्हटलं, तर स्वयंपाकघरातल्या काकूंनी मनापासून मदत म्हणून चमच्यानं सॉसेजचे तुकडे वेचून बाजूला केले आणि हसत वाडगा परत दिला, 'ब्रेझ मेसा!' ज्यांचं पक्कं आहे त्यांनी ब्रेड, चीज, तळलेली अंडी आणि श्ट्रुडेल ह्यांवर भर द्यावा. आणि पर्वतातला चहा, प्लानिन्स्की चाय, तो काढ्यासारखा बिनदुधाचा असतो पण संध्याकाळच्या गारठ्यात काय लागतो म्हणून सांगू.

कचरा तुमचा तुम्ही खाली न्यायचा. टिश्यू पेपरसकट.

दुसरा दिवस: दगडांची दरी

आज अंतर कमी आहे, दोन-अडीच तासांचं, आपल्या वेगानं तीन-साडेतीन. तरी उशीर करू नका, उन्हाळ्यात दुपारी दोननंतर ढग जमतात आणि विजा इथं गंमत नाही. स्लोव्हेनियाच्या सरकारी हवामान खात्याचा, म्हणजे आर्सोचा अंदाज रात्री हटमध्ये विचारा.

झाडं संपतात, गुडघ्याएवढी बुटकी पाइनची झुडपं राहतात, मग तीही संपतात. तासाभरात सगळ्यात मोठं तळं येतं, १८३० मीटरवर, लेदवित्साह. लेदवित्सा म्हणजे मूत्रपिंड, आणि वरून बघितलं तर आकार खरंच तसाच. पंधरा मीटर खोल, कड्याची पडछाई पडलेलं, आणि रंग असा की फोटोत खोटा वाटतो. माझ्या मते सातांतलं सगळ्यात देखणं हेच. नवऱ्याच्या बाटलीचा प्रसंग इथून थोडं वर घडला.

इथली गोष्ट पण सांगून टाकते. झ्लातोरोग नावाचा सोन्याच्या शिंगांचा एक पांढरा शामोआ, म्हणजे डोंगरी बकरा, इथल्या हिरव्यागार कुरणांची राखण करायचा. सोन्याच्या लोभानं एका शिकाऱ्यानं त्याला गोळी घातली. त्याच्या रक्तातून फूल उगवलं, ते खाऊन तो पुन्हा उठला, शिकाऱ्याला दरीत लोटलं आणि संतापानं शिंगांनी सगळी कुरणं उकरून टाकून निघून गेला. उरले हे दगड. चुनखडी आणि हिमनदीचं सगळं वर सांगितलंच आहे, पण पायाखालचे ते खरवडलेले, चरे पडलेले पांढरे पट्टे बघताना मला शिंगांचीच गोष्ट जास्त पटते.

ह्या पट्ट्यांवर चालताना मात्र डोळे खाली. दगडात हात-हात खोल भेगा आहेत, पाय अडकून मुरगळायला एक क्षण पुरतो. फोटो काढायचा तर थांबून काढा. मग हिरवं तळं, झेलेनो येझेरो, त्याच्या पुढं तपकिरी, दोन्ही साधारण दोन हजार मीटरच्या आसपास, डबक्यापेक्षा थोडी मोठी. सातवं व्रशात्स डोंगराच्या पायथ्याशी बाजूला आहे, त्याच्यात उन्हाळ्यातही बर्फाचे तुकडे तरंगताना दिसू शकतात. उन्हाळा कोरडा असेल तर वरची तळी अगदी आकसलेली असतात, हिरमुसू नका.

शेवटचा चढ, आणि प्रेहोदावत्सीची हट. दाराच्या पलीकडे दहा-पंधरा पावलांवर जमीन संपते. खाली झादन्यित्सा आणि त्रेंताची दरी, दीड किलोमीटर खोल असावी अशी, समोर कान्यावत्स शिखर, लांबवर यालोवेत्सचं सुळका झालेलं टोक. पहिल्या महायुद्धानंतर सरहद्द इथूनच जायची, अलीकडे युगोस्लाव्हिया आणि पलीकडे इटली, आणि इटालियन सैन्यानं खेचरांसाठी बांधून काढलेली वळणावळणाची वाट अजून त्या बाजूनं खाली उतरते. तिनं उतरू नका, छान आहे पण तुम्ही डोंगराच्या भलत्याच बाजूला पोचाल.

बॅग टाकून संध्याकाळी बाहेर बसा. आयबेक्स, म्हणजे रानबकरे, इथं जवळ येतात, वाकड्या मोठ्या शिंगांचे. आम्ही बाकावर चहा घेऊन बसलो होतो तर एक मादी आणि तिचं पिल्लू वीसेक फुटांवर येऊन दगड चाटायला लागले. बरोबर त्याच दगडावर कोणीतरी घामेजलेला टीशर्ट वाळत घातला होता. मिठासाठी येतात ते. हातानं काही खायला घालू नका, आणि टीशर्ट आत वाळवा.

तिसरा दिवस: दुसऱ्या वाटेनं खाली

हा सगळ्यात लांब दिवस, थांबे धरून आठ तास, म्हणून उजाडताच निघा. आधी त्याच दरीतून खालच्या हटपर्यंत, दोन तास. तिथं पाणी. मग कोमार्चाकडे न जाता डावीकडे श्टाप्त्से खिंडीची पाटी पकडायची. एक उभा चढ आहे, छोटा पण तिसऱ्या दिवसाच्या पायांना तो जाणवतो. खिंडीवरून मागं वळून तळ्यांना शेवटचं बघून घ्या, पुढं ती दिसत नाहीत.

पलीकडे निराळंच जग. गवत, गाई, गळ्यातल्या घंटा, लाकडी झोपड्या. ह्या उन्हाळी कुरणांना प्लानिना म्हणतात, आपल्याकडे पठारावर धनगरवाडा असतो तशी वस्ती, फक्त उन्हाळ्यापुरती. ओव्हचारिया, मग विशेवनिक, मग प्लानिना प्री येझेरू, जिथं १४५३ मीटरवर एक छोटं तळं आणि त्याच्या काठाला हट आहे. गाई वाटेवर आडव्या आल्या तर वळसा घाला, वासरू आणि आई ह्यांच्या मधून जाऊ नका. ह्या हटवर जेवा. आंबट दूध, किस्लो म्लेको, मिळालं तर घ्या, ते आपलं घट्ट दहीच आहे, त्याबरोबर झगान्त्सी म्हणजे पिठाचे उकडीसारखे गोळे. तीन दिवसांनी दहीभात खाल्ल्यासारखं वाटतं.

इथून दोन पर्याय. प्लानिना ब्लातोला एक तासात उतरलं की पार्किंग आहे, कोणी न्यायला येणार असेल तर तिथं. नाहीतर वोगारवरून जंगलातल्या वाटेनं थेट स्तारा फुझिना, दोन-अडीच तास, सगळा उतार, बुटांच्या नाड्या इथं घट्ट बांधा नाहीतर अंगठ्याचं नख निळं होतं. माझं झालं होतं.

तिथून तळ्याकाठचं रिब्चेव लाझ गाव पंधरा-वीस मिनिटं. बसचं वेळापत्रक आधी बघा, मग टॉवेल काढा. बोहीनचं तळं चार किलोमीटरहून लांब आहे आणि इथं पोहायला परवानगी आहे. काठाला खडी आहे, चपला घालूनच आत जा.